जांभ्यावर न दिसणारा डाग

आमच्या अंगणात जांभ्या चिऱ्याची फरसबंदी आहे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात ती तापते, पण रंग बाराही महिने लालच. त्या लाल फरशीवर गाडीतून लाल तेल ठिबकत होतं आणि घरातल्या कुणाच्याच ते नजरेस आलं नाही. दिसलं ते थेट कराडला, मावशीच्या दारात, सिमेंटच्या पांढरट कोब्यावर.

2023 चा ऑक्टोबर. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, महिन्यातून दोनदा किडनीच्या डॉक्टरांकडे कराडला न्यावं लागतं. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर, आणि मध्ये कुंभार्ली घाट. गाडी आमची जुनी, 2011 ची डिझेल इनोव्हा. आप्पांनी ती टुरिस्टला चालवली. गणपतीपुळे, महाबळेश्वर, शिर्डी, पंढरपूर, जिथं प्रवासी म्हणतील तिथं. आता त्यांच्याच्याने चालवणं होत नाही, म्हणून मी चालवते आणि ते शेजारी बसतात. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, तेही याच घाटात.

त्या दिवशी पोफळी सोडून चढाला लागलो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर स्टेअरिंग क्षणभर हाताला जड लागलं आणि मग सुटलं. बॉनेटखालून बारीक, लांबलेला आवाज आला. कुत्र्याचं पिल्लू दाराबाहेर अडकलं की करतं तसा. आप्पा डोळे मिटून बसले होते. ते न उघडताच म्हणाले, "पंप रडतोय. तेल कमी झालंय. घाटमाथ्यावर थांब."

थांबले. बॉनेट उघडलं. पॉवर स्टेअरिंगच्या तेलाची टाकी म्हणजे चहाच्या डब्याएवढी डबी. झाकण काढून पाहिलं तर तेल तळाला गेलेलं आणि वर साबणासारखा फेस. फेस म्हणजे पंप तेलाबरोबर हवाही ओढत होता. गाडीत तेल नव्हतं, म्हणून तशीच हळूहळू हेळवाक, कोयनानगर, पाटण करत कराड गाठलं. वाटेत आप्पा मला सांगत राहिले, की पॉवर गेली म्हणजे स्टेअरिंग गेलं असं नाही, चाकं लोखंडाने जोडलेलीच असतात, फक्त सगळा जोर दंडाचा लागतो. त्यांची पहिली वीस वर्षं पॉवर नसलेल्या मॅटाडोरवर गेली. ते ठाऊक असूनही माझ्या तळहातांना घाम सुटला होता. तेच वळण भरल्या ट्रकसमोर आलं असतं आणि नेमकं तेव्हा स्टेअरिंग जड झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी म्हणाली, "अगं, तुझ्या गाडीतून रक्त गळतंय." पुढच्या डाव्या चाकाच्या थोडं आत, कोब्यावर रुपयाएवढा लाल डाग आणि त्याच्या भोवती छोटे छोटे थेंब.

पहिली शंका कूलंटची आली, कारण या गाडीचं कूलंटही लालच असतं आणि नुसत्या रंगावरून फसायला होतं. मी मावशीकडून पांढरी वाटी मागून घेतली आणि तिच्यात पाणी भरलं. कोब्यावरचा थेंब कापसाने टिपून त्या पाण्यात पिळला. कूलंट असतं तर पाणी गुलाबी झालं असतं. हा थेंब पाण्यात मिसळला नाही. वर तरंगला, पसरून बारीक तवंग झाला आणि उन्हात त्याला कडेने इंद्रधनुष्याचे रंग आले. चिमटीत घासून पाहिलं तर बुळबुळीत, पातळ. रेडिएटरचं पाणी जागच्या जागी होतं. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. असे प्रयोग पोरांकडून शंभरदा करून घेतले असतील, पण उत्तरासाठी जीव टांगणीला लागलेला तो पहिलाच.

कराडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तेल घेतलं. या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगला एटीएफ लागतं. मुळात हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनलेलं लाल तेल, डब्यावर डेक्सरॉन असं छापलेलं असतं. दुकानदाराने त्याबरोबर गळती बंद करणारी एक छोटी बाटलीही पुढे केली. टाकीत ओतायची, आतली रबरी सील फुगतात, गळती थांबते. आप्पांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि काउंटरवर परत ठेवली. "रबर फुगवून किती दिवस काढायचे? आणि कुठलं रबर फुगवायचं ते तरी कुठे माहीत आहे?" मला तेव्हा वाटलं, निदान घरी पोचेपर्यंत तरी चालेल. ते ऐकले नाहीत. पुढे जे निघालं ते पाहता, ती बाटली ओतली असती तर खरं दुखणं आणखी काही महिने झाकून राहिलं असतं.

परतल्यावर मी गाडी एका मोठ्या गॅरेजात दिली. स्वच्छ जागा, संगणकावर बिल, माणसं एका रंगाच्या कपड्यांत. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी चालू करून आवाज ऐकला आणि सांगितलं, पंप गेला. पंप बदलला. बिल नऊ हजारांच्या वर झालं. आवाज बंद झाला आणि माझा विश्वास बसला. आवाज का बंद झाला ते मला नंतर कळलं. पंप बसवताना त्यांनी टाकी काठोकाठ भरली होती. जुना पंप रडत होता तो तेलाविना, आणि तेल मिळालं असतं तर तोही गप्प बसला असता. गाडी वर उचलून खालून कुणी बघितलंच नव्हतं. त्या नऊ हजारांचं मला आजही वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट याचं, की दुरुस्त झाली असं समजून मी आप्पांना घेऊन पुन्हा दोनदा घाट चढले-उतरले.

दुसऱ्या खेपेला टाकी पुन्हा निम्म्यावर आली होती.

मग मी वही केली. तेलाच्या बाटलीवर मार्करने मिलिलिटरच्या खुणा केल्या. रोज सकाळी गाडी थंड असताना टाकी खुणेपर्यंत भरायची, किती घातलं ते लिहायचं आणि आदल्या दिवशी गाडी कुठे गेली होती तेही लिहायचं. शाळा आणि बाजार, आठवडाभर, तेल जवळजवळ जैसे थे. गुहागरला जाऊन आले, तरी फारसं नाही. मुंबई-गोवा महामार्गाने खेडला जाऊन आले, काहीच नाही. कराडची एक फेरी झाली आणि दुसऱ्या दिवशी दीडशे मिलिलिटर घालावं लागलं. चार आठवड्यांत दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा तोच प्रकार. सरळ रस्त्यावर गळत नव्हती, घाटात गळत होती.

याचं अर्धं कारण मला पुस्तकातून सापडलं. पंप पट्ट्यावर फिरतो, इंजिन चालू असेतो तेल ढकलत राहतो. स्टेअरिंग सरळ असताना ते तेल रॅकच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या हालचालीने चाकं ढकलणाऱ्या दांडीच्या, झडपेतून जवळजवळ मोकळंच फिरून टाकीत परत येतं. स्टेअरिंग वळवलं की झडप एका बाजूची वाट आवळते आणि मग दाब वाढतो. पार टोकापर्यंत वळवलं तर 70-80 किलोपर्यंत, प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर. टायरमधल्या हवेचा दाब अडीच किलोच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करावा. गरज पडेल तेव्हाच दाब निर्माण करायचा, ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरची. ट्रक बनवणाऱ्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीत काम करताना जड गाड्या वळवणाऱ्या ड्रायव्हरांचे हाल त्याने बघितले होते. 1926 मध्ये त्याने पॉवर स्टेअरिंगवाली गाडी चालवून दाखवली, पण दुकानात मिळणाऱ्या मोटारीत ते यायला 1951 उजाडावं लागलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. हे वाचताना मला आप्पांचे दंड आठवत होते. मॅटाडोरच्या वीस वर्षांनी त्यांचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला.

तर दाब वळणावरच येतो, म्हणून गळती वळणावरच. पण वळणं बाजारातही असतात. अंगणात गाडी लावताना तर मी स्टेअरिंग पार टोकाला नेते. मग फक्त घाटातच का? ते मला सुटेना. तेव्हा आप्पा म्हणाले, "चाचांकडे ने."

चाचांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, एक जुना लेथ आणि बाहेर आंब्याचं झाड. आप्पांच्या टुरिस्टच्या दिवसांपासून आमच्या गाड्या तिथे जायच्या. अलीकडे मीच जाणं सोडलं होतं. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि पानं उलटत बसले. मग म्हणाले, "बाई, हे फार चांगलं केलंत." माझ्या हातचं काम बघून कुणी असं म्हटलेलं मला बऱ्याच दिवसांत आठवत नव्हतं.

आधी त्यांनी काहीही उघडलं नाही. पोराला सांगून गाडीचा खालचा भाग डिझेल आणि ब्रशने धुवून घेतला, मग साबणाच्या पाण्याने, मग हवा मारून कोरडा केला. पंपाच्या बुडाशी, प्रेशर पाईपच्या दाबलेल्या टोकांना, पाईप जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशरांभोवती, रॅकवर, सगळीकडे टाल्कम पावडर उडवली. घरात बाळाला लावतात तीच. मला गाडीत बसवलं, चाकं वर उचललेली, इंजिन चालू. "डावीकडे घ्या, पूर्ण. सोडा. उजवीकडे. टोकाला धरून ठेवू नका, पाच मोजायच्या आत सोडा, नाहीतर तेल तापतं." वीसेक वेळा झालं. ते टॉर्च घेऊन खड्ड्यात होते.

पंप कोरडा, पाईप कोरडे, बँजोभोवतीची पावडर जशीच्या तशी पांढरी.

"उजवीकडे घ्या आणि आता इंजिन बंद करा. स्टेअरिंग तसंच राहू द्या. खाली या."

खड्ड्यात उतरले. क्लीनर साईडला, म्हणजे डावीकडे, रॅकच्या टोकावर घड्यांचा रबरी बूट असतो, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा. चाकं एकीकडे वळली की तो ताणला जातो, दुसरीकडे वळली की मिटतो. आता तो पूर्ण ताणलेला होता आणि खालच्या बाजूला एका घडीत बोटभर लांबीची फट उघडली होती. फटीच्या कडेला लाल थेंब जमत होता. माझ्या डोळ्यांसमोर तो मोठा झाला, थरथरला आणि पावडर उडवलेल्या लोखंडावर पडला. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. चाचांनी पोराला स्टेअरिंग सरळ करायला सांगितलं. घडी मिटली आणि फट दिसेनाशी झाली. सरळ चाकांनी उभ्या गाडीखाली कितीही टॉर्च मारला असता तरी ती दिसली नसती.

त्यांनी बुटाला खालून हात लावला, जनावराची कास चाचपावी तसा. "भरलाय." क्लिप सोडली, बूट मागे सारला आणि खाली धरलेल्या भांड्यात तेल बदाबदा आलं. लाल, पण मातकट. तळाला गाळ बसला. चाचांनी तो गाळ चिमटीत घेतला, अंगठ्यावर घासला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही पुरात होती ना?"

होती. चिपळुणात त्या दिवशी कुठली गाडी नव्हती? 22 जुलै 2021. वाशिष्ठी नदीचं पाणी रात्रीतून शहरात शिरलं, पहाटे आमच्या अंगणात होतं आणि सकाळी बॉनेटच्या वर. आम्ही माडीवर होतो. एसटी स्टँड बुडालं, बाजारपेठ बुडाली, लोक छपरांवर बसून होते. इनोव्हा भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या टपाभोवती पाणी फिरत होतं. आप्पा खिडकीतून तिच्याकडे बघत राहिले, तासन् तास, एक शब्द न बोलता. पाणी ओसरल्यावर आम्ही ती चालू केली नाही, ओढून नेली. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, डिफरन्शियल ऑईल बदललं, स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून सुकवला, सीटं उन्हात घातली. त्या महिन्यात प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांच्या रांगा होत्या. चाचांचं गॅरेज तर स्वतःच गाळाने भरलं होतं. त्या गर्दीत बुटाची घडी ताणून बघायला सवड कुणाला होती? मीही कुणाला सांगितलं नाही, कारण असं काही बघायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

रॅक उतरवायला दीड दिवस लागला. आधी त्यांनी स्टेअरिंग सरळ करून दोरीने सीटला बांधलं. खालचा जोड सुटलेला असताना ते गरागरा फिरलं तर एअरबॅगची आतली तार तुटते. जोडावर पांढऱ्या रंगाची खूण केली. चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड सोडताना ते किती आटे फिरून निघाले ते मोजून भिंतीवर कोळशाने लिहिलं. डावा सतरा, उजवा साडेसोळा.

आणि मग टेबलावर, उजेडात, रॅकची दांडी. अंगठ्याहून जाड, आरशासारखी चकचकीत पोलादी दांडी, एका बाजूला दाते, दुसरी बाजू गुळगुळीत. गुळगुळीत बाजूच्या टोकाकडे, खालच्या अंगाला, दोनेक इंचांचा पट्टा काळवंडलेला होता आणि त्यात देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे. चाचांनी माझं बोट धरलं आणि नख त्यावरून ओढायला लावलं. नख अडखळलं. पट्ट्याच्या अलीकडे ओढलं, तिथे नख काचेवरून घसरावं तसं गेलं.

शेजारी त्यांनी सील ठेवलं. अंगठीपेक्षा थोडी मोठी काळी रबरी रिंग, आत पातळ ओठ आणि त्या ओठाभोवती केसाएवढ्या तारेची स्प्रिंग, ओठ दांडीला चिकटून राहावा म्हणून. एवढासा ओठ तो सगळा दाब अडवतो. त्याच्या एका बाजूला आडवे ओरखडे होते, दाढीचं पातं फिरवल्यासारखे.

आता कोडं सुटलं. पुराचं पाणी फटीतून बुटात गेलं, पाणी निघून गेलं, गाळ राहिला. प्रत्येक पावसाळ्यात तो ओला झाला आणि दांडीच्या खालच्या अंगाला गंज लावत राहिला. सरळ रस्त्यावर दांडी इंच-अर्धा इंच इकडेतिकडे होते, तेवढा भाग तेलाने पुसलेला आणि साफ. गंजलेला पट्टा सीलपासून लांब राहतो. चाकं डावीकडे पुष्कळ वळवली की तो पट्टा आत खेचला जातो, दाबाखाली, आणि कानशीसारखा सीलच्या ओठावरून जातो. बाजारात असं वळण क्वचित येतं. अंगणात दिवसातून एकदा येतं, पण मी गाडी उजवीकडे वळवून लावते, डावीकडे नाही. घाटात चढताना आणि उतरताना दर डाव्या वळणाला ओठ कापला जात होता. वहीतले दीडशे मिलिलिटर तिथून जात होते.

मी विचारलं, "सील किट घातलं तर?"

"घालतो की. दांडीला बारीक पॉलिश पेपर मारतो, सील बसवतो, आज संध्याकाळी घेऊन जा. स्वस्तात होईल. सहा महिने जाईल, कदाचित वर्ष." ते थांबले. "खड्डे पॉलिशने जात नाहीत, फक्त त्यांच्या कडा गुळगुळीत होतात. गावात शाळेला जा-ये असती तर मी हेच केलं असतं. आप्पांना घेऊन कुंभार्ली चढता ना तुम्ही?"

"हो."

"मग मी नाही घालणार."

इतकं सरळ कुणी बोलत नाही. दुरुस्तीचे पैसे त्यांना मिळाले असते आणि सहा महिन्यांनी पुन्हा मिळाले असते. मी नवा रॅक मागवायला सांगितला. भाव ऐकून पोटात गोळा आला हे खरं, दिवाळीचा बोनस पूर्ण गेला. पण त्या दांडीवर नख फिरवल्यानंतर दुसरा काही निर्णय मला घेता आला नसता. रॅक कोल्हापूरहून चौथ्या दिवशी आला.

बसवणं उतरवण्याहून लवकर झालं. आटे मोजून एंड बसवले, पांढऱ्या खुणा जुळवल्या, पाईपांना नव्या ओ-रिंगा. जुनं मातकट तेल पाईपांतून आणि टाकीतून पूर्ण काढलं, रिटर्न पाईप बाटलीत सोडून स्वच्छ लाल येईपर्यंत. सगळ्यात जास्त वेळ लागला तो हवा काढायला, आणि ते काम चाचांनी मला करू दिलं. पुढची चाकं स्टँडवर, इंजिन बंद. मी स्टेअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, ते टाकीजवळ उभे राहून तेल घालत. पहिल्या फेऱ्यांना टाकीत डाळ उकळावी तसे बुडबुडे आले. मग कमी. मग एखादा. आप्पा आंब्याखाली खुर्चीवर बसून मोजत होते, "अठरा, एकोणीस." घाई करायची नाही, जोरात फिरवलं तर हवा तेलात मिसळून फेस होतो आणि मग तो बसेपर्यंत थांबावं लागतं. पंचविसाव्याला टाकी शांत झाली. इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंग दोन बोटांनी फिरलं. पंपाचा आवाजच नाही. चाचांनी धुतलेलं पांढरं फडकं घेऊन एकेक जोड पुसला, मला टोकापर्यंत वळवायला लावलं, पुन्हा पुसला. फडकं माझ्यासमोर उलगडून धरलं. पांढरं होतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून आणायला त्यांनी सक्त बजावलं. आटे मोजून बसवले तरी मिलिमीटरचा फरक पडतोच आणि टायर एका अंगाने खातात.

पुढच्या गुरुवारी आम्ही कराडला गेलो. घाटात आप्पा पूर्णवेळ जागे होते, कान लावून. घाटमाथा आल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. रात्री मावशीच्या कोब्यावर गाडीखाली मी वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी ते कोरडं होतं आणि आप्पा तेच घेऊन वाचत बसले.

घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. आमच्या गल्लीत पुरातून वाचलेल्या अजून सहा गाड्या आहेत. रविवारी चटई आणि टॉर्च घेतला आणि घरोघर विचारत गेले. पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक असलं तर तेलाचा प्रश्न नसतो, पण बूट आणि रॅक तिथेही असतातच, आणि फटीतून आत गेलेला गाळ त्यांनाही सोडत नाही. पहिल्या दोन गाड्यांचे बूट धड होते. तिसरी, समोरच्या वहिनींची बोलेरो. त्यांचा मुलगा आत बसला, मी खाली. "उजवीकडे घे, पूर्ण," मी म्हटलं. डावा बूट ठीक. "आता डावीकडे." उजव्याची एक घडी उघडली. मी करंगळी आत घातली. बाहेर काढली तर नखाखाली बारीक, ओला गाळ. अजून तेल नव्हतं. मी तशीच झोपून वहिनींना हाक मारली आणि चाचांचा नंबर लावायला सांगितला.